हिराजीचा बाप, विजयचा बाप

रमेश सिप्पींच्या ‘शक्ती’त एक फोन येतो आणि पुढचा सगळा सिनेमा त्या एका फोनचा हिशेब करत राहतो. पोलीस अधिकारी अश्विनीकुमारच्या शाळकरी मुलाला जे.के.च्या टोळीनं पळवलंय. तुमच्या ताब्यातला आमचा माणूस सोडा, मुलगा घेऊन जा, असा रोकडा सौदा आहे. अश्विनीकुमार सौदा नाकारतो. मुलाला मारलंत तरी चालेल, कर्तव्याशी बेइमानी होणार नाही, अशा अर्थाचं तो बोलतो. हे बोलणं अड्ड्यावर कोंडलेल्या मुलाच्या कानावर पडतं. मुलगा सुटतो, पण बापाच्या हातून नाही. टोळीतलाच नारंग त्याच्या पळण्याकडे कानाडोळा करतो. त्या दिवशी पोराच्या खात्यात दोन नोंदी होतात. बापाच्या नावावर नकार आणि गुंडाच्या नावावर जीवदान. मोठेपणी विजय त्याच नारंगच्या हॉटेलात नोकरी धरतो, तेव्हा प्रेक्षकांना धक्का बसत नाही. पोरगा जुनी उधारी फेडतोय हे त्यांना कळत असतं.

हा प्रसंग लिहिणाऱ्या सलीम-जावेदची खरी करामत वेगळ्याच ठिकाणी आहे. फोनच्या वेळी कॅमेरा बापाजवळ असतो, म्हणून प्रेक्षकही बापाजवळ असतो. दिलीपकुमारचा चेहरा, आवाज घट्ट ठेवताना मानेला बसलेला ताण, पलीकडे आई झालेली राखी, हे सगळं आपल्याला दिसतं. नकार देताना हा माणूस आतून किती फाटतोय हे आपल्याला कळतं. मुलाला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्या वाट्याला फक्त आवाज येतो. प्रेक्षकाला पूर्ण बाप मिळाला आणि मुलाला अर्धा, आणि पुढची सगळी शोकांतिका या वाटणीतून निघते. ‘शक्ती’वर लिहिणारे बहुतेक जण ‘कर्तव्य विरुद्ध प्रेम’ अशी पाटी लावून मोकळे होतात. मला ती पाटी अपुरी वाटते. अश्विनीकुमारचं प्रेम कुठंच कमी पडत नाही आणि कर्तव्यही कमी पडत नाही. कमी पडतं ते बोलणं. त्या फोननंतर वर्षानुवर्षं बाप-मुलगा एका घरात राहतात, एका ताटाला बसतात, पण त्या दिवसाबद्दल बाप एकदाही तोंड उघडत नाही.

याच लेखकजोडीनं सात वर्षं आधी हाच पेपर उलटा सोडवला होता, हे सहसा कुणी शेजारी ठेवून बघत नाही. ‘दीवार’ (१९७५) मधले आनंदबाबू खाणकामगारांचे पुढारी. मालक त्यांची बायको-मुलं धरतो आणि करारावर सही मागतो. आनंदबाबू सही करतात. कुटुंब वाचतं आणि कामगार बुडतात. मग गाव चिडतं, आणि बाप चोर असल्याचं थोरल्या मुलाच्या हातावर गोंदलं जातं. आनंदबाबू घर सोडून रेल्वेच्या डब्यांतून भटकत आयुष्य काढतात. म्हणजे ओलीस ठेवलेल्या मुलासाठी एक बाप वाकला आणि दुसरा वाकला नाही. दोघांच्याही मुलाचं नाव विजय, दोन्ही वेळा अमिताभ बच्चन, आणि दोन्ही वेळा मुलगा कायद्याच्या पलीकडे गेला. एकाच प्रश्नाची दोन विरुद्ध उत्तरं आणि दोन्हीला शून्य गुण! मग प्रश्नपत्रिकेतच काही तरी चुकलंय, अशी शंका यायला हवी.

‘शक्ती’ १९८२ च्या ऑक्टोबरात लागला. तोवर सलीम-जावेद वेगळे झाले होते. सिनेमाचा सांगाडा १९७४ च्या ‘तंगपदक्कम’ या तमिळ चित्रपटातून आला असं मानतात. त्यात बाप होते शिवाजी गणेशन. (हे ‘शिवाजी’ नाव त्यांना आपल्याच महाराजांची भूमिका रंगभूमीवर केल्यामुळे चिकटलं. मूळचे ते गणेशन.) हिंदीत दिलीपकुमारनं ही भूमिका केली आणि आठवा फिल्मफेअर घरी नेला. तिकीटबारीवर मात्र अपेक्षेएवढी गर्दी झाली नाही. त्याचं कारण उघड आहे. बच्चनच्या सिनेमाला जाणारा प्रेक्षक बच्चन जिंकलेला बघायला जायचा, आणि इथे बच्चन शेवटी बापाच्या गोळीनं मरतो. विमानतळावर बाप पळणाऱ्या मुलाला थांबायला सांगतो, तो थांबत नाही. मग बापाच्या मांडीवर डोकं ठेवून मुलगा कबूल करतो, की तुमच्यावरचं प्रेम मनातून काढून टाकायचा खूप प्रयत्न केला, जमलं नाही. दोघांमधलं पहिलं मोकळं बोलणं हेच, आणि तेही गोळी लागल्यावर.

दिलीपकुमारला या पेपरची उलटी बाजू तोंडपाठ होती. बावीस वर्षांपूर्वी, १९६० साली, के. आसिफच्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये तो स्वतः मुलाच्या जागी होता. सलीम तो, आणि समोर अकबर झालेले पृथ्वीराज कपूर. मुलगा व्हावा म्हणून तापलेल्या वाळूतून अनवाणी चालत दर्ग्याला जाणारा बाप त्या सिनेमाच्या सुरुवातीलाच दिसतो. पुढे तोच बाप मुलाविरुद्ध फौज घेऊन उभा राहतो, कारण हिंदुस्थानचं तख्त मधे येतं. जोधाबाई आपल्या दुर्गा खोटे होत्या. नवरा आणि मुलगा यांच्यामधे उभं राहून दोन्हीकडे ओढलं जाण्याचं काम त्यांच्या वाट्याला आलं, आणि ‘शक्ती’त तेच काम राखीच्या वाट्याला आलं. हिंदी सिनेमात तत्त्व बापाकडं आणि माया आईकडं, अशी घरातली कामं जणू वाटूनच दिलेली असतात. बापाला तत्त्व फुकट पाळता येतं, कारण त्याची किंमत मोजायला बाजूला बायको असते. ‘शक्ती’त स्मिता पाटीलनं केलेली रोमा मात्र या वाटपात बसत नाही. ती विजयला त्याच्या रागासकट घरात घेते आणि उपदेश करत नाही. लेखकांनी तिला थोडी अधिक जागा द्यायला हवी होती.

हे सगळं कर्जत-खालापुरात बसून लिहिताना अकबराला टाळता येत नाही. कर्जत-चौक रस्त्यावर हातनोलीला नितीन देसाईंनी स्टुडिओ उभारला आणि आशुतोष गोवारीकरांच्या ‘जोधा अकबर’साठी (२००८) मुघलांचा किल्ला थेट खालापूर तालुक्यात आणून ठेवला. त्याच आवारात ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेसाठी शिवरायांचा दरबारही मांडला गेला. देसाईंनी २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिथंच जगाचा निरोप घेतला. भाताच्या खाचरांमध्ये, सह्याद्रीच्या पायथ्याला, नेताजी पालकरांच्या चौक गावापासून हाकेच्या अंतरावर अकबर आणि शिवाजीमहाराज शेजारी नांदले. मुलावरून रात्रीची झोप उडालेले हे इतिहासातले दोन बाप, आणि दोघंही सिंहासनावर.

महाराष्ट्राला सलीमपेक्षा संभाजी जवळचा. ‘मुघल-ए-आझम’नंतर दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगभूमीवर आलं. मास्टर दत्ताराम शिवाजी, काशिनाथ घाणेकर संभाजी. कानेटकरांनी अफझलखान, शाहिस्तेखान सगळे बाजूला ठेवले आणि महाराजांना घरात आणून बसवलं. स्वराज्य उभं करणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलाशी दोन वाक्यं सरळ बोलता येत नाहीत, हे मराठी प्रेक्षकांनी त्या नाटकात पहिल्यांदा एवढं जवळून पाहिलं. संभाजीराजे १६७८ च्या डिसेंबरात दिलेरखानाकडे गेले, वर्षभरात परत आले, आणि पन्हाळ्यावर बापलेकांची भेट झाली. इतिहासात त्या भेटीवर अनेक मतं आहेत. नाटकवाल्यानं मात्र नेमकी जागा ओळखली होती. राजा बोलतो तेव्हा बाप गप्प असतो, आणि बापाला बोलायचं असतं तेव्हा दरबार ऐकत असतो.

अकबर, शिवाजी, अश्विनीकुमार या तिघांकडेही एक खुर्ची आहे. त्यांचं तत्त्व त्या खुर्चीचं आहे, राज्याच्या किंवा कायद्याच्या. तत्त्व मोडलं तर खुर्ची डळमळते, आणि पाळलं तर खुर्चीच त्यांचं समर्थन करते. अश्विनीकुमारच्या मागे अख्खं पोलीस खातं उभं आहे. म्हणून आपला सिनेमा बापाचं तत्त्व दाखवायला गेला की त्याला गणवेश, मुकुट किंवा न्यायाधीशाचा डगला चढवतो. ज्याच्याकडे खुर्चीच नाही, उलट खुर्ची ज्याच्या मागे लागलीय, असा तत्त्वाचा बाप कसा दिसतो? हे बघायला मला मुंबईच्या पडद्यापर्यंत जावं लागत नाही. कर्जत तालुक्यात मानिवली आहे.

मानिवलीचे गोमाजी पाटील आणि त्यांचा मुलगा हिराजी हे दोघेही भाई कोतवालांचे साथीदार होते. कोतवाल म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, १ डिसेंबर १९१२ ला माथेरानमध्ये न्हावी समाजातल्या कुटुंबात जन्मलेले. वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांसाठी, आदिवासींसाठी सावकाराच्या विरोधात उभे राहिले. १९४२ च्या ऑगस्टनंतर ते भूमिगत झाले. त्यांच्या दस्त्यानं निवडलेलं काम अगदी या भूगोलातून आलेलं होतं. वर घाटमाथ्यावर टाटांची धरणं, खाली खोपोलीत १९१५ पासून आणि भिवपुरीत १९२२ पासून चालणारी वीजघरं, आणि तिथून मुंबईकडे जाणारे विजेचे मनोरे. गिरण्या आणि विजेवर चालणारी रेल्वे, दोन्ही या तारांवर. दस्ता रात्री रानातून जायचा, मनोऱ्याचे लोखंडी पाय कापायचा आणि मनोरा आडवा करायचा. बंदुकीपेक्षा करवतीची लढाई जास्त. या सगळ्यात शेतकरी होते, मास्तर होते, आदिवासी होते. आणि एक बापलेकाची जोडी होती.

२ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला घेरलं. फितुरीनं ठावठिकाणा कळला होता. हिराजी पाटील गोळीबारात पडले. जखमी कोतवालांना पोलीस अधिकारी हॉलनं जवळून गोळी घातली. कोतवाल तेव्हा तिशीत होते. सिद्धगड तसा मुरबाड तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात मोडतो, पण दरवर्षी २ जानेवारीला कर्जत-नेरळकडची माणसं भल्या पहाटे तिथं पोचतात. थंडी मरणाची असते. शाळांची पोरं असतात, भाषणं होतात, पुढारी येतात. कोतवालांवर २०२० साली मराठी चित्रपटही आला.

गोमाजी आणि हिराजी यांच्यावर सलीम-जावेद सिनेमा लिहू शकले नसते. संघर्षच नाही! बाप कायद्याच्या बाजूला आणि मुलगा विरुद्ध, किंवा उलट, असं काही तरी पाहिजे ना? इथे दोघंही एकाच बाजूला, आणि ती बाजू सरकारच्या लेखी गुन्हेगारांची. अश्विनीकुमारला मुलगा आणि तत्त्व यांतून एक निवडायचं होतं. गोमाजींचं तत्त्व आणि मुलगा एकाच वाटेनं, एकाच रात्री, एकाच रानातून चालले होते. मुलाला ऐकू जाईल असा कुठलाही फोन तिथं वाजला नाही, कारण मुलगा तारेच्या पलीकडे नव्हताच. म्हणून या बापाला काही कमी मोजावं लागलं असं मी म्हणत नाही. उलट सगळंच मोजावं लागलं. पण हिराजी गेला तो बापावर रुसून नाही. दोन बापांनी मुलगा गमावला, तरी एकाचा मुलगा आयुष्यभर आधीच गमावलेला होता आणि दुसऱ्याचा शेवटपर्यंत त्याचाच राहिला. मला या फरकाची किंमत फार मोठी वाटते.

इथे कुणी म्हणेल, स्वातंत्र्याची लढाई वेगळी आणि रोजचा संसार वेगळा. बरोबर आहे. मग त्याच लढाईतल्या सगळ्यात मोठ्या बापाकडे बघू. गांधीजींनी थोरल्या हरिलालला विलायतेच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळू दिली नाही. स्वतःच्या मुलाला घेतलं तर पक्षपात होईल, म्हणून ती दुसऱ्याकडे गेली. हरिलालनं तो नकार जन्मभर उराशी बाळगला. मराठीत अजित दळवींनी ‘गांधी विरुद्ध गांधी’ लिहिलं, चंद्रकांत कुलकर्णींनी बसवलं, अतुल कुलकर्णींनी गांधी उभा केला, आणि पुढे फिरोझ अब्बास खान यांच्या ‘गांधी, माय फादर’नं (२००७) ही गोष्ट पडद्यावर आणली. गांधीजी गप्प राहणारे बाप नव्हते, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. त्यांनी पत्रं लिहिली, समजावलं, जाहीरपणेही लिहिलं. म्हणजे नुसतं बोलून भागत नाही. बापानं निर्णय एकट्यानं घ्यायचा आणि मग मुलाला कारणं सांगायची, याला मुलाशी बोलणं म्हणत नाहीत. निकालपत्राचं वाचन म्हणतात. हिराजीला कुणी कारण वाचून दाखवलं नव्हतं. करवतीचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं.

आता आमच्या तालुक्यांत आज वाजणाऱ्या फोनकडे येतो, कारण ‘शक्ती’तल्या त्या प्रसंगाची आवृत्ती इथं घरोघरी घडतेय. फोन एजंटचा असतो. द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, खालापूरचा टोलनाका मुंबई-पुण्याच्या माणसाला ओळखीचा झाला, आणि पाठोपाठ फार्महाऊसं, सेकंड होम, डोंगराच्या कडेला तरणतलाव असलेली बांधकामं आली. आता पनवेल-कर्जत लोकलच्या मार्गाचं काम चाललंय. एकराच्या भाषेत बोलणारी माणसं गुंठ्याच्या भाषेत बोलायला लागली. पडवीत खाटेवर बसलेला सत्तरीचा बाप फोन कानाला लावतो, पलीकडून आकडा येतो, आणि बाप म्हणतो, “इकायची नाय. सांगितलं ना एकदा.” फोन खाली. दारात मोटरसायकल पुसत असलेला मुलगा हे ऐकतो. त्याच्या डोळ्यांपुढे कामगार-ठेकेदारी करायला लागणारा पिकअप असतो, किंवा बदलापूरला घेतलेल्या वन रूम किचनचे हप्ते असतात. त्यानं ऐकलेलं एवढंच, की बापाला आपल्यापेक्षा जमीन प्यारी.

बाप जे बोलत नाही ते सातबाऱ्यावर असतं. पण सातबारा कोण वाचतो? मुलगा बघतो ते क्षेत्र आणि आकार. त्याच उताऱ्यात इतर हक्काच्या रकान्यात बारीक अक्षरात कुळकायदा कलम ४३ ची अट असते, आणि त्या एका ओळीत घराण्याचा सगळा इतिहास कोंबलेला असतो. आजोबा कूळ होता. जमीन दुसऱ्याची, घाम याचा, आणि पीक निघालं की खंडाचं माप आधी मालकाचं. कुळकायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ ला कसणारा कायद्यानं मालक मानला गेला, तरी नुसत्या मानण्यानं जमीन हातात आली नाही. मग ३२ गची चौकशी, तहसील कचेरीच्या पायऱ्या, मालकाचा वकील, किंमत ठरणं, हप्ते भरणं, आणि शेवटी ३२ मचा दाखला. कित्येक घरांत हा दाखला अजून पत्र्याच्या ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत, लग्नाच्या शालूखाली ठेवलेला सापडेल. ज्या सावकारशाहीविरुद्ध कोतवाल उभे राहिले, तिच्यातून सुटल्याचा पुरावा म्हणजे तो कागद. बापाच्या ‘इकायची नाय’मागे हे सगळं आहे. पण पोराला ऐकू येतात दोनच शब्द.

भिवपुरीच्या वीजघरातून बाहेर पडणारं पाणी राजनाल्यानं कर्जतच्या शेतात येतं आणि उन्हाळ्यातही भात पिकतो. कर्जतच्याच कृषी संशोधन केंद्रानं काढलेलं ‘कर्जत-३’ कित्येक खाचरांत उभं असतं. ज्या पाण्याची वीज करून मुंबईला पाठवली आणि ज्या विजेचे मनोरे गोमाजी-हिराजीच्या साथीदारांनी पाडले, तेच पाणी पुढं त्यांच्याच लेकीसुनांच्या रोपांना मिळतं. हे बापाला ठाऊक असतं, पण मुलाला कुणी सांगितलेलं नसतं. बाप सांगत नाही, कारण आमच्याकडे तत्त्व हे बोलायचं काम नाही, करून दाखवायचं काम आहे, अशी समजूत. ही समजूत मुघलांचीही होती आणि पोलीस खात्याचीही.

मी जमीन न विकणाऱ्या बापाचा भक्त नाही. काही बाप जमीन विकत नाहीत ते तत्त्वासाठी नाही, तर भावकीतला भाऊ विकून मोठा झाला या जळफळाटापोटी. काहींना मुलींचा हिस्सा द्यायचा नसतो, म्हणून जमीन ‘वाडवडिलांची’ होते. आणि विकणारा प्रत्येक मुलगा नालायकही नसतो. इरसालवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खाली आला, तेव्हा जमिनीला चिकटून राहणं म्हणजे काय असू शकतं, हे खालापूर तालुक्यानं पाहिलंय. ‘शक्ती’तल्या विजयचं ऐकायला गेलं तर तोही पूर्ण चुकलेला नाही. आठ-दहा वर्षांचा मुलगा तत्त्वाचा अर्थ समजून घेईल, ही अपेक्षाच अन्याय्य होती. पण मोठा झालेल्या मुलानं विचारायचं नाही आणि म्हाताऱ्या बापानं सांगायचं नाही, असा जो करार दोघांत न बोलता झालेला असतो, त्याला तोडगा न्यायालयातही नाही आणि तहसीलदाराकडेही नाही.

‘शक्ती’त एक दृश्य असं आहे, की ज्यात एकही शब्द नाही. आईचा खून झालाय, विजयला कैदेतून अंत्यदर्शनासाठी आणलंय. बाप भिंतीला टेकून जमिनीवर बसलाय. विजय जवळ जाऊन बसतो आणि बापाच्या हातावर हात ठेवतो. दिलीपकुमार आणि अमिताभ या दोघांनी मिळून एवढं उभं केलंय, की लोक अजून तेच दृश्य आठवतात. पण ते बघताना मला जास्त खटकतं, की हे दोघं एकत्र बसण्यासाठी त्या बाईला मरावं लागलं. आयुष्यभर दोघांचे निरोप दोघांना पोचवणारी बाई गेली, तेव्हा कुठे निरोप थेट पोचला.

आणि तरीही सलीम-जावेदनी बापाला एक संधी दिली आहे, ती आपण सहसा लक्षात घेत नाही. सिनेमा सुरू होतो तो निवृत्त अश्विनीकुमारपासून. नातू रवी गाडीतून उतरतो. (अनिल कपूरची ही छोटीशी भूमिका. ‘दीवार’मधल्या धाकट्या, पोलीस झालेल्या भावाचं नावही रवीच होतं.) पुढे काय करणार, असं आजोबा विचारतो. नातू म्हणतो, तुमच्यासारखं देशासाठी काम करीन. मग आजोबा त्याला गोष्ट सांगतो, आणि तीच पुढची पूर्ण फिल्म. म्हणजे आपण जे बघतो ते अश्विनीकुमारचं स्पष्टीकरण आहे. तो फोन, तो नकार, त्या रात्रीचं फाटणं, सगळं तो शेवटी बोलतो. फक्त ज्याला सांगायला हवं होतं त्याच्या मुलाला सांगतो. निरोप एक पिढी उशिरा पोचतो, आणि तोवर मधल्या पिढीचा माणूस गोळी खाऊन गेलेला असतो.

आमच्याकडेही निरोप असाच उशिरा पोचतो, फरक एवढाच की गोळीऐवजी खरेदीखत असतं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात टोकन नंबरची वाट बघत बापलेक बाकावर बसलेले दिसतात. शेवटी बाप कंटाळून ‘हो’ म्हणालेला असतो. समोर खरेदीदाराचा माणूस फाईल चाळतोय. तो सहज विचारतो, काका, ही जमीन कुळाची दिसतेय, तुमच्या वडिलांच्या वेळची का? आणि बाप बोलायला लागतो. मालकाचा वाडा कुठे होता, खंडाची मापं कशी भरली जायची, ३२ गच्या तारखांना आजोबा कसा पायी तालुक्याला यायचा, हप्त्यासाठी बैल कसा विकला. एजंट फोनवर मेसेज बघत ‘हो का?’ म्हणतो. मुलगा मात्र बघत बसतो.

“बाबा, हे कधी बोलला नाहीत तुम्ही,” तो म्हणतो.

“तू कधी इचारलंस?” म्हातारा म्हणतो, आणि खिडकीतून नंबर पुकारला जातो.